उमेदवार क्रमांक दहा



ज्या व्यासपीठावरून काल ज्ञानेश्वरीतील उपमांचे सौंदर्य उलगडले गेले आणि उद्या दुष्काळी तालुक्यांतील पाण्याच्या प्रश्नाचा ऊहापोह व्हावयाचा आहे, त्याच व्यासपीठावर मधल्या दिवशी उभे राहून शाळकरी मुलांच्या बास्केटबॉलवर काढलेल्या एका जपानी चित्रमालिकेविषयी बोलावे, हे औचित्याला धरून आहे काय, असा प्रश्न पत्रिका वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आणि चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा तो सांगताना माझीही जीभ किंचित अडखळली होती, हे मी आरंभीच कबूल करतो. माझी कैफियत एवढीच की, गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा नातू भरदुपारी पडदे ओढून जे काही पाहत बसे, ते बंद करविण्याच्या हेतूने मी एकदा त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. उभा राहिलो तो बसलो, आणि बसलो तो एकशे एक भाग संपेपर्यंत काही उठलो नाही.

मालिकेचे नाव ‘स्लॅम डंक’. ताकेहिको इनोउए या चित्रकाराने ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात 1990 पासून 1996 पर्यंत ती चित्रकथेच्या रूपाने, जपानी लोक जिला मांगा म्हणतात त्या रूपाने, रेखाटली; तिचे एकतीस खंड झाले; आणि ती चालू असतानाच तोएई या संस्थेने ऑक्टोबर 1993 ते मार्च 1996 या काळात तिची चलच्चित्रमालिका, म्हणजे आमच्या नातवाच्या भाषेत ‘ॲनिमे’, दूरचित्रवाणीवर आणली. त्या काळी जपानात शालेय खेळ म्हणजे बेसबॉल असे समीकरणच होते, आणि बास्केटबॉलवरची चित्रकथा चालत नाही, हा संपादकवर्गाचा अनुभवसिद्ध सिद्धांत तरुण इनोउएला ऐकविण्यातही आला होता. पुढे एकट्या जपानात या खंडांच्या प्रती दहा कोटींवर गेल्या. सिद्धांत अनुभवसिद्ध असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही. पण तो विषय वेगळा.

खेळाचे म्हणाल, तर जपानचा त्याच्याशी संबंध अगदी जन्मापासूनचा आहे. 1891 च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला टोपल्या ठोकून जो पहिला सामना लावला, त्यातील अठरा खेळाडूंमध्ये गेन्झाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी होता. असे असूनही शंभर वर्षांनी या खेळावर गोष्ट लिहू पाहणाऱ्याला परवानगीसाठी हुज्जत घालावी लागली, ही गंमत मला सोडून देववत नाही.

आता कथानायक. त्याचे नाव हानामिची साकुरागी. तांबडे केस, सहा फुटांवर उंची, हात नको तितका सैल, आणि पदरी पन्नास मुलींचे पन्नास नकार. पन्नासावीने तर, मला बास्केटबॉलच्या संघातला मुलगा आवडतो, असे तोंडावर सांगितलेले. त्यामुळे या खेळाचे नाव काढले तरी ह्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. कानागावा प्रांतातील शोहोकु या सरकारी हायस्कुलात तो दाखल होतो, आणि पहिल्याच आठवड्यात हारुको नावाची एक मुलगी त्याच्या दंडाकडे आणि पोटऱ्यांकडे पाहून निर्मळ कुतूहलाने विचारते की, तुला बास्केटबॉल आवडतो का? तो धडधडीत खोटे सांगतो, की आवडतो. हे खोटे शेवटच्या सामन्यापर्यंत कसकसे खरे होत जाते, एवढेच या कथेचे कथानक आहे.

फारसीतून आपल्या दप्तरी भाषेत आलेला ‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या धुळीने इतका माखला आहे की, उमेद बाळगणारा तो उमेदवार, हा त्याचा मूळ गोडवा आपण विसरून गेलो आहोत. पूर्वी मामलेदार कचेरीत तरणी पोरे महिनोन्‌महिने बिनपगारी बसत. दप्तरे बांधावी, नकला कराव्या, बारनिशीत आवकजावक चढवावी, आणि कधी काळी कारकुनाची जागा रिकामी होईल या आशेवर साहेबांच्या टेबलावरची दौत भरून ठेवावी, याला उमेदवारी म्हणत. साकुरागीची कथा ही मला अशा उमेदवारीची कथा वाटते. आणि जगभरच्या पोरांना तिने जे वेड लावले, त्याचे मूळ सामन्यांच्या थरारात नसून त्या उमेदवारीत आहे, असे माझे मत आहे.

कारण पाहा. संघात नाव घातले की आपण थेट उंच उडी मारून चेंडू कड्यातून खाली हाणणार, म्हणजेच ‘डंक’ करणार, अशा कल्पनेने हा पठ्ठ्या येतो. आणि कर्णधार आकागी, हारुकोचा डोंगरासारखा थोरला भाऊ, त्याला व्यायामशाळेच्या एका कोपऱ्यात उभा करून गुडघे वाकवून जमिनीवर चेंडू आपटत राहण्याचा हुकूम देतो. मैदानाच्या मध्यभागी बाकीचे धावताहेत, ओरडताहेत, बुटांचे तळवे लाकडी जमिनीवर किचकिचताहेत, आणि हा सहा फुटी देह भिंतीकडेला बसकण मारल्यासारखा वाकून, तळहाताने नव्हे तर बोटांनी, मान वर करून, एकच चेंडू आपटतो आहे; बाजूला संघाची व्यवस्थापक आयाको उभी, चूक झाली की टोकायला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. तो चिडतो, सोडून जातो, आणि मग ओशाळून परत येतो. आमच्याकडे तालमीत नव्या पोराला उस्ताद आधी हौदाची माती खणायला लावतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की आमच्या कथाकादंबऱ्या हौद खणण्याचे काम एका वाक्यात उरकून थेट कुस्तीच्या फडात शिरतात, आणि इनोउए मात्र वाचकालाही त्या कोपऱ्यात उभे करतो.

कोपऱ्यातून सुटका होते ती ‘ले-अप’पर्यंत: धावत जाऊन, उडी घेऊन, चेंडू हलकेच कड्यापाशी ठेवून देणे. ही अगदी प्राथमिक फेक. साकुरागी तिला तुच्छतेने जे नाव ठेवतो, त्याचा अर्थ ‘सामान्य रयतेचा शॉट’ असा होतो. आणि गंमत अशी की, हा रयतेचा शॉट त्याला काही केल्या येत नाही. चेंडू कुठे फळ्याला आपटतो, कुठे कड्याखालून आदळून त्याच्याच डोक्यावर येतो. पहाटे हारुको त्याला शिकवते, आणि चेंडू वर टाकावयाचा नसून ठेवावयाचा आहे, हे त्याच्या मनगटाला एकदाचे उमजते. नेम चुकून उडालेला चेंडू हस्तगत करणे, ज्याला ‘रिबाउंड’ म्हणतात, तेही असेच: उडी मारण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून जागा धरण्याची ती विद्या. प्रत्येक सामन्यात त्याच्या पदरी एक नवी क्षुल्लक गोष्ट पडते, आणि प्रत्येक सामन्यात तो एक नवी घोडचूक करतो. प्रारंभीच्या सामन्यांत पाच-पाच फाउल होऊन लागोपाठ बाहेर काढला जातो. काइनानसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध अखेरच्या क्षणी महत्प्रयासाने चेंडू मिळवून, घाईघाईत आकागी समजून, तो प्रतिस्पर्ध्याच्याच हाती देतो. सामना 90–88 असा जातो. त्यानंतर तांबड्या केसांचा तो डौल उतरवून, गोटा करून, तो शाळेत येतो. दुःखाचे वर्णन नाही, पश्चात्तापाचे भाषण नाही. नुसती ती तासलेली टाळू. मराठी पटकथाकारांनी या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

कोणी म्हणेल, एका नवशिक्याची प्रगती पाहण्यात एवढे काय आहे? म्हणून मी मित्सुईकडे आणि कोगुरेकडे बोट दाखवतो. मित्सुई हा माध्यमिक शाळेत सबंध प्रांताचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. हायस्कुलात येताच गुडघा दुखावतो, खेळ सुटतो, आणि दोन वर्षे गुंडांच्या संगतीत घालवून तो एके दिवशी चिखलाच्या बुटांनिशी त्याच व्यायामशाळेत मोडतोड करावयास येतो. तेथे मारामारी होते, रक्त सांडते, आणि दारात प्रशिक्षक आन्झाई येऊन उभे राहतात. एके काळी कडक म्हणून दरारा असलेले आणि आता बुद्धाच्या मूर्तीसारखे गुबगुबीत झालेले ते वृद्ध दृष्टीस पडताच हा दांडगा गुडघ्यांवर कोसळतो आणि रडत रडत, मला खेळावयाचे आहे, एवढेच म्हणू शकतो. आमचा नातू या ठिकाणी पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला, आणि मीही चष्मा पुसण्याचे निमित्त केले. परंतु कथा त्याला माफ करून थांबत नाही: गेलेल्या दोन वर्षांचा वसूल त्याच्या छातीतून होत राहतो, प्रत्येक सामन्याच्या उत्तरार्धात त्याला धाप लागते, हात वर होत नाहीत. आणि कोगुरे? चष्मा लावणारा, मवाळ, तीन वर्षे बहुतेक राखीव बाकावर बसलेला उपकर्णधार. र्योनान या प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकाने त्याची गणतीच केलेली नसते; त्याला मोकळे सोडले जाते; आणि निर्णायक घटकेला तो दुरून शांतपणे तीन गुणांची फेक कड्यात घालतो. साकुरागीची उमेदवारी चार महिन्यांची, कोगुरेची तीन वर्षांची. मला विचाराल तर सगळ्या मालिकेतील माझा नायक तोच आहे, पण त्याची चित्रे मुले वहीवर चिकटवीत नाहीत.

मालिकेचे दोष झाकण्याचे मला कारण नाही. मूळ कथा साप्ताहिकात चालू असल्यामुळे तिला ओलांडून पुढे जाता येईना, म्हणून दूरचित्रवाणीकारांनी काळ ताणला: खेळाडू उडी मारतो आणि पुढच्या आठवड्यात खाली येतो, मधल्या वेळात त्याला बालपण आठवते, प्रेक्षकांतील चौघेजण उद्गार काढतात, आणि मैदान दोन शेतांइतके लांब होते. डोक्याला डोके आपटण्याचे विनोद पहिल्या दहांनंतर शिळे होतात. आणि सर्वांत मोठा अन्याय हा की, राष्ट्रीय स्पर्धेला निघालेला संघ पडद्यावर त्या स्पर्धेत पोहोचतच नाही. मालिका तेथेच बरखास्त होते. मुखगीतात मात्र कामाकुराच्या समुद्रकाठचे ते रेल्वे फाटक आहे, अलीकडे साकुरागी, पलीकडे हात हलविणारी हारुको, आणि मधून जाणारी छोटी हिरवी गाडी. एवढ्या एका दृश्यासाठी आज तैवान-कोरियाहून माणसे येऊन त्या फाटकाशी गर्दी करतात.

राहिलेली कथा खंडांत वाचावी लागते. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वी संघ शिबिरासाठी शिझुओकाला जातो, आणि साकुरागीला एकट्याला शाळेत ठेवून आन्झाई त्याच्याकडून एका आठवड्यात वीस हजार फेकी करवून घेतात. मित्र चेंडू गोळा करतात, त्याच्या उडीचे चित्रण करून त्याला दाखवतात. आणि आपण स्वतःला जसे वाटतो तसे दिसत नाही, हा जगातील अत्यंत अप्रिय शोध त्याला लागतो. फेकणारा हात उजवा. डावा केवळ आधाराला. हे तो मंत्रासारखा घोकतो. सान्नो या अजिंक्य संघाशी जो अखेरचा सामना, त्याला सुमारे सहा खंड दिले आहेत, आणि त्याचे शेवटचे क्षण जवळजवळ निःशब्द आहेत: पानांमागून पाने, ना संवाद, ना आवाजाची अक्षरे. संघातल्याच ज्या सोबत्याशी चार महिने हाडवैर केले, त्या रुकावाकडून साकुरागीला चेंडू मिळतो. तो उडतो. कथेचे नाव ‘स्लॅम डंक’. पण 79–78 असा विजय मिळवून देणारी ती फेक डंक नाही. ती वीस हजारदा घोकलेली, साधी फेक आहे.

2022 च्या डिसेंबरात इनोउएने स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शित करून याच सामन्यावर चित्रपट काढला, आणि आश्चर्य म्हणजे मध्यवर्ती स्थान साकुरागीला न देता मियागी या ठेंगण्या खेळाडूला, ओकिनावात समुद्राने ज्याचा थोरला भाऊ नेला त्या मुलाला दिले. पडदा उजळतो तेव्हा कोऱ्या कागदावर पेन्सिलीच्या रेघांनी पाच मुले एकेक करून उमटतात आणि चालू लागतात. सव्वीस वर्षांनी हा गृहस्थ पुन्हा पेन्सिलीपासून सुरुवात करतो, हे पाहून मला त्याच्याविषयी विलक्षण आदर वाटला.

‘हानामिची’ या नावाचा अर्थ फुलांची वाट. आणि काबुकी नाटकगृहात प्रेक्षकांच्या मधून रंगमंचाकडे जाणाऱ्या लाकडी वाटेलाही हानामिचीच म्हणतात. नट त्या वाटेवर असतो तेव्हा तो अद्याप रंगमंचावर पोहोचलेला नसतो, पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. सान्नोला हरविणारा शोहोकु पुढच्याच फेरीत दारुण हरतो. लेखक ते दोन ओळींत सांगून मोकळा होतो. शेवटच्या पानांवर पाठ दुखावलेला साकुरागी समुद्रकाठी वाळूत बसून हारुकोचे पत्र वाचतो आहे. सप्टेंबर आहे, बाकीचे सरावाला लागले आहेत, रुकावा मुद्दाम तेथून धावत जाऊन त्याला डिवचून गेला आहे, आणि पुढचे उपचार फार कष्टाचे आहेत, सोसवतील ना, असे त्याला विचारले जात आहे. तो उठतो, अंगाची वाळू झटकतो, आणि ज्याची मुदत अजून भरलेली नाही अशा उमेदवाराच्या निलाजऱ्या आनंदाने सांगतो की, का नाही, मी असामान्य प्रतिभेचा माणूस आहे.