नळाचे शेवटचे शंभर फूट
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या मुलामुलींना भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र दाखवायला नेले होते. वैतरणा नदीवरील धरणांचे पाणी प्रचंड जलवाहिन्यांतून येथे येते. जुन्या भागाची क्षमता दररोज १९१ कोटी लिटर, तर नंतर बांधलेल्या भागाची ९० कोटी. हे आकडे मी आधी फळ्यावर लिहून दिले होते. पण संथ पाण्याने भरलेले ते विस्तीर्ण हौद पाहिल्यावर मुले गप्पच झाली.

तेथे गढूळ पाण्यात तुरटीच्या जातीचे द्रव्य मिसळतात. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. शेवटी क्लोरिन. "सर, आमची आजी माठात तुरटी फिरवते तेच की हे!" एक मुलगी म्हणाली. तिचे बरोबर होते, फक्त आजीच्या माठात क्लोरिन नसते. वजूसाठी पाणी पाक हवे हे आपण लहानपणीच शिकतो. परंतु पाक दिसणारे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. काविळीचे विषाणू डोळ्यांना कुठे दिसतात?

मग मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "येथून पाणी इतके स्वच्छ निघते, तर आमच्या नळाला वास का येतो? पावसाळ्यात माझा भाऊ काविळीने दोन महिने शाळेत आला नाही."

तेथील अभियंत्यांनी प्रश्न टाळला नाही. ते म्हणाले, पाणी चोवीस तास येत नाही. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब उतरतो. वस्तीतली नळी गटारातून गेलेली असेल आणि तिला गंजून भोक पडले असेल, तर बाहेरचे सांडपाणी आत शिरते. त्यातच कोणी नळाला थेट मोटर लावली, की ती पाण्याबरोबर गटारही ओढून घेते, आणि तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाट्याला जाते.

मी खाली मान घातली. माझ्या घरी मोटर होती. त्या मुलाची गल्ली माझ्या गल्लीला लागूनच आहे.

परतल्यावर मुलांना घरच्या नळाचे पाणी बाटलीत आणायला सांगितले. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरिन असलेल्या पाण्याला पिवळा रंग येतो. शाळेच्या नळाला तो आला. दोघातिघांच्या बाटल्यांत पाणी जसेच्या तसे राहिले. म्हणजे वाटेत कुठेतरी घाणीने ते क्लोरिन खाऊन टाकले. अशा घरांना पाणी उकळून प्या असे कळवले, आणि गल्लीतल्या गळतीचा अर्ज पालकांच्या सह्यांनी दिला. दोनदा खेटे घालावे लागले, पण नळी बदलली गेली.

आमची मोटर काढली. नळाला थेट मोटर लावायला बंदीच आहे. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडू द्यावे आणि तेथून वर चढवावे. आमच्या इमारतीला तशी टाकी नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, म्हणून पहाटे मी आणि माझा धाकटा भाऊ खालून हंडे आणतो. घरात कुरकुर आहे. टाकीची वर्गणी काढायचे ठरले आहे, अजून चार घरे तयार व्हायची आहेत.

ऑर्थोटोलिडीनची बाटली शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. शनिवारी दुपारी मी तेथे असतो. नळाचे ताजे पाणी स्वच्छ बाटलीत भरून त्याच दिवशी आणावे. शिळ्या पाण्यातला क्लोरिन उडून जातो.