एकट्या घरातील काळ



वार्धक्याचा विषय निघाला की औषधे, पैसा आणि सोबत यांची चर्चा होते. काळाची सहसा होत नाही. वस्तुतः घरी एकट्या राहणाऱ्या थकलेल्या माणसाची झुंज पुष्कळदा काळाशीच असते.

पुण्या-ठाण्यातील अनेक सदनिकांत हे पाहावयास मिळते. मुले परदेशी आणि ऐंशीच्या घरातील आई ‘ब्युरो’ने पाठविलेल्या मावशींच्या आधाराने राहते. मावशींची पाळी सकाळी ८ ते रात्री ८. आईंना जाग येते पहाटे ४ वाजता. पण आधाराशिवाय उठायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मग चार तास छताकडे पाहत पडून राहणे आले. जिने आयुष्यभर साऱ्या घराचे घड्याळ चालविले, तिच्या स्नानाची वेळ आता मावशींची बस ठरविते! भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सणवारांऐवजी मावशींचे खाडे मांडलेले असतात.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० साली लिहून ठेवले, की रिकामा काळ सरताना लांबलचक वाटतो आणि मागे वळून पाहता मात्र आखूड भासतो. या घरांतून त्याचा नित्य प्रत्यय येतो. दुपार सरता सरत नाही आणि चातुर्मास कधी संपला ते कळत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुलगा शनिवारी सकाळी साडेआठला फोन करतो, तेव्हा येथे सायंकाळचे ६ वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि तोच फोन ७ वाजता येतो. मुलाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. इकडे आई मात्र साडेपाचपासून फोनजवळ बसून असते.

आपल्याकडे वय चंद्रावरही मोजले गेले. वर्षाला सरासरी १२.३७ पौर्णिमा धरल्या, तर हजार पौर्णिमांना ८१ वर्षांना थोडे कमी लागतात, तेच सहस्रचंद्रदर्शन. त्या हिशेबात सरलेला काळ ही पुंजी होती. तो सोहळा थाटात करणारी कुटुंबे दुसऱ्या दिवशीच्या दुपारचा विचार करीत नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते.

काही घरांत मात्र ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढ्यावर फोन संपत नाही. नात भाजणीचे प्रमाण विचारते. आजीला ते तत्काळ आठवत नाही. मग आठवडाभर ती मावशींना डबे काढावयास लावते, धान्य मोजते, चुकते, पुन्हा मोजते. आणि शनिवारी फोन वाजण्याआधी कागद तयार असतो.