कंपन्यांचा कर आणि आपली वर्तमानपत्रे



आपल्या कुर्ल्याने कारखानदारी पुष्कळ पाहिली. १८८६ साली जमशेटजी टाटांनी येथली धरमसी गिरणी विकत घेऊन तिची ‘स्वदेशी’ केली. पुढे प्रीमियरच्या मोटारी येथून बाहेर पडल्या. ते भोंगे आता थांबले. आज आपल्या गावाचे नाव लावणाऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार आणि प्राप्तिकर खात्याच्या कचेऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. कंपन्या किती कर भरतात हे कळावयास याहून सोयीची जागा कोणती? तरीही वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत येणारा आकडा पारखूनच घ्यावा लागतो.

एक उदाहरण देतो. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कंपनीकर उतरवला. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्के, नव्या कारखानदार कंपन्यांना १५ टक्के. अधिभार व उपकर धरून हे दर २५.१७ आणि १७.०१ टक्के पडतील, असे सरकारी पत्रकात म्हटले होते. अनेक वर्तमानपत्रांनी ते तसेच छापले. आता पाटी-पेन्सिल घ्या. १५ वर दहा टक्के अधिभार म्हणजे साडेसोळा. त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे १७.१६. पहिला दर या रीतीने बरोबर येतो, दुसरा येत नाही! चूक लहान आहे. पण आकडा पडताळण्याची सवय सुटली, की मोठ्या चुकाही अशाच निसटतात.

मोठी गल्लत आहे ती शब्दांची. ‘कंपनीने इतके कोटी कर भरला,’ असा मथळा येतो. कोणता कर? नफातोटा पत्रकातल्या करात पुढे केव्हातरी द्यावयाचा करही धरलेला असतो. त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली रक्कम रोख प्रवाहाच्या पत्रकात सापडते. शिवाय ‘राष्ट्राच्या तिजोरीत आमचा वाटा’ म्हणून कंपन्या जी रक्कम सांगतात, तीत वस्तू व सेवा कर आणि नोकरांच्या पगारातून कापलेला प्राप्तिकरही पुष्कळदा मिळवलेला असतो. पहिला गिऱ्हाइकाने दिला, दुसरा नोकराने. नाव मात्र कंपनीचे!

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘एक पैसाही कर भरला नाही,’ एवढ्यावरून कोणास चोर ठरवू नये. धंद्यातला तोटा आठ वर्षांपर्यंत पुढच्या नफ्यातून वजा करण्यास कायद्याची मुभा आहे. भरघोस नफा दाखवून, लाभांश वाटूनही कर न देणाऱ्या कंपन्या होत्याच. त्यांच्यासाठीच १९९६ च्या अर्थसंकल्पात किमान पर्यायी कर आणावा लागला. या दोहोंतला फरक बातमीने सांगावयास हवा.

कराचे ओझे कोणी वाहावे, हे लोकशाहीत आपण मताने ठरवतो. ते आज कोण वाहतो, हेच चुकीचे कळले तर मत तरी नीट कसे पडेल? म्हणून उद्या असा मथळा दिसला, की तीन प्रश्न विचारा : कोणत्या वर्षाचा, कोणत्या पत्रकातला, आणि कोणाच्या खिशातला?