पोटुशीपणी दुखण्याची गोळी : आधी विचारा, मगच घ्या
(करंजाडे येथील महिलांपुढे केलेले भाषण)



घरकाम, नोकरी, पनवेलच्या बाजाराची ये-जा, इमारतीचे जिने. सातवा महिना लागला की कंबर भरून येते. शेजारीण म्हणते, "अगं, माझ्याकडची गोळी घे, लगेच उतार पडेल." उतार पडतो खरा. पण गोळी कसली, हे कुणी विचारते का?

दुखण्यावरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मॉर्फिन आणि कोडीन अफूपासून मिळतात. ट्रामाडॉल, पेथिडिन कारखान्यात बनतात, पण त्यांचा गुण अफूसारखाच. म्हणून तर २०१८ साली ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया तान्ह्याला अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात. मूल निजे, पण ती झोप जिवावर बेतू शकत असे.

या औषधांनी आईला गुंगी येते, मळमळते, शौचाला खडा होतो. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. रोज घेतली तर सवय जडते.

आणि बाळ? औषध वारेतून त्याच्यापर्यंत पोचते. आईला सवय, तशी बाळालाही सवय. जन्मल्यावर नाळ कापली की औषध तुटते. मग बहुधा एक ते तीन दिवसांत बाळ कर्कश रडू लागते, अंग थरथरते, नीट पीत नाही, झोपत नाही, जुलाब होतात. यावर उपचार आहे, बाळ सावरते. पण आईने काय घेतले हे डॉक्टरांना ठाऊक हवे!

आता नीट ऐका. रोजची सवय असेल, तर हे ऐकून गोळी आजच एकदम बंद करू नका. त्यानेही दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची भीती असते. डॉक्टर मात्रा हळूहळू बेताची करतील किंवा सुरक्षित औषध बदलून देतील. ऑपरेशननंतर वा कळांच्या वेळी डॉक्टरांनीच थोडे औषध दिले, तर घाबरू नका. ते बाळावर लक्ष ठेवतात.

बाळंतपणानंतरही जपा. कोडीन, ट्रामाडॉल अंगावरच्या दुधात उतरते. पाळणा लांबवला असेल आणि आता मूल हवे असेल, तर चालू गोळ्यांविषयी आधीच विचारा.

सासूबाईंना आणि नवऱ्यांना एक विनंती : सुनेने, बायकोने सवय सांगितली तर रागावू नका. दडवलेली गोळीच बाळाला महागात पडते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. जाताना घरातली गोळ्यांची पाकिटे, खोकल्याच्या बाटल्या पिशवीत घालून न्या आणि दाखवा.

ध्यानात ठेवा : गोळी मनाने घेऊ नका, मनाने सोडू नका, आणि डॉक्टरांपासून लपवू नका.