बिनवजनाचें सोनें



संगणकावर खेळावयाच्या खेळांत एक वर्ग असा आहे, कीं त्यांत डाव जिंकण्यापेक्षां जगाची नक्कल वठविण्यालाच अधिक महत्त्व असतें. तेथें पाऊस पडतो, दिवस मावळतो, रात्रीं दुकानें बंद होतात. अशा खेळांत पुष्कळदां प्रत्येक वस्तूस वजनही दिलेलें असतें, आणि आज त्या वजनांविषयींच मी आपल्याशीं बोलणार आहें. तीं वजनें खोटीं असतात, ही खेळणाऱ्यांची तक्रार जुनीच आहे. माझी तक्रार निराळी आहे. आंकडा खोटा असला तरी मी तो चालवून घेईन. पण ओझें वाहण्याचे श्रमच हिशेबांतून गाळले, तर ती नक्कल मला पटत नाहीं.

अमेरिकेंतील बेथेस्डा या मंडळीनें २०११ सालीं काढलेला ‘स्कायरिम’ हा खेळ घ्या. त्यांत लोखंडी खंजिराचें वजन २, तरवारीचें ९ आणि लढाईच्या घणाचें १८. दोन काय नि नऊ काय, तें कोठेंच सांगितलेलें नाहीं. पौंड धरावे, तर तरवार चार किलोंहून जड होते. आणि युरोपांतील मध्ययुगीन एकहाती तरवारी तर बहुधा किलो-दीड किलोच्या आंतबाहेर भरतात. चार किलोंची तरवार कमरेला लावून कोणता शिपाई दिवसभर वावरला असतां?

तरीही येथवर मी खेळाचीच बाजू घेईन. हें वजन म्हणजे खरें पाहतां एक प्रकारची जकात आहे. नायकास आरंभीं ३०० पर्यंत माल बाळगण्याची मुभा असते. गुहेंतून बाहेर पडतांना काय घ्यावें आणि काय टाकावें, हा विचार करावयास लावणें एवढेंच त्या आंकड्याचें काम, आणि तें तो चोख बजावतो. मारलेल्या ड्रॅगनचें एकेक हाड १५ भरतें. त्यामुळें पराक्रमाच्या ऐन क्षणीं वीरपुरुष हमालासारखा खेपेचा हिशेब करूं लागतो. हा देखावा मला फार आवडतो.

परंतु त्याच खेळांत सोन्याच्या नाण्यास मुळींच वजन नाहीं! दहा हजार नाणीं कमरेला असलीं तरी नायक हरणासारखा धांवतो. यांतील गंमत अशी, कीं असल्या सर्व खेळांचा पूर्वज म्हणजे कागदावर खेळावयाचा १९७४ सालचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. आणि त्यांत ओझें मोजण्याचें मापच मुळीं सोन्याचें नाणें हें होतें. जें माप होतें, तेंच पुढें वजनांतून सुटलें.

‘स्कायरिम’ ज्या मालिकेंतला, तिच्यांतच १९९६ सालचा ‘डॅगरफॉल’ हा खेळ आहे. तेथें चारशें नाण्यांचें वजन एक किलो होतें. त्यामुळें श्रीमंती ही खांद्यावर जाणवणारी वस्तु होती. आणि म्हणूनच तेथें पेढ्या होत्या व पेढीवर सोनें भरून त्याची हुंडी घेण्याची सोय होती. एका लहानशा आंकड्यानें सबंध सावकारी उभी केली. पुढें आंकडा पुसला आणि हुंडीचें प्रयोजनही संपलें.

ही कल्पना खेळ रचणाऱ्यांनीं हवेंतून आणलेली नव्हे. स्वीडन देशांत १६४४ सालीं दहा डालरांचें तांब्याचें नाणें पाडलें गेलें, तें १९.७ किलो वजनाचें होतें. नाणें कसलें, पाटच तो! बाजारांत जावयाचें तर पैशासाठीं गडी न्यावा लागावा, अशी ती स्थिति. त्याच देशांत १६६१ सालीं स्टॉकहोमच्या बँकेनें युरोपांतील पहिल्या कागदी नोटा काढल्या, आणि लोकांनीं त्या आनंदानें स्वीकारल्या, यांत तांब्याच्या त्या ओझ्याचा वांटा मोठा होता.

‘स्कायरिम’मध्यें आणखी एक विपरीत गोष्ट आहे. तेथें ३०० पर्यंत पाठीवरचा भार जाणवतच नाहीं, आणि ३०१ होतांच धांवणें साफ बंद पडतें. खरें शरीर पहिल्या शेरापासून हिशेब ठेवतें. नेपाळांत नामचे बाजारची वाट चढणाऱ्या भारवाहकांविषयींचा एक शोधनिबंध २००५ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत आला. त्यांतील पुरुषांचें ओझें सरासरीनें स्वतःच्या देहाच्या वजनाच्या ९३ टक्के होतें, आणि स्त्रियांचें ६६ टक्के. हीं माणसें सावकाश चालतात, वारंवार थांबतात, आणि असे दिवसचे दिवस काढतात. एवढें ओझें उचलतां येतें, हें खेळांतील आंकड्यानें सांगतां येईल. तें कोणत्या चालीनें आणि किती विसाव्यांनीं वाहिलें जातें, तें मात्र त्या आंकड्यांत मावत नाहीं.

हे कष्ट ज्यानें मनावर घेतले, असा एक खेळ मला ठाऊक आहे. टार्न व झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’. २००६ पासून तो लोकांपुढें आहे. डोंगराच्या पोटांत बुटक्यांची वसाहत वसवावयाची, असा त्याचा विषय. त्यांत पदार्थांची घनता पाठ्यपुस्तकाप्रमाणें नोंदली आहे: एका घनमीटरास लोखंड ७,८५० किलो, सोनें १९,३२०. अ‍ॅडमँटाइन नांवाचा एक काल्पनिक धातु आहे, त्याची घनता अवघी २००, म्हणजे पाण्याच्या पंचमांश. त्याची तरवार अप्रतिम होते. पण घण केला तर तो कुचकामी ठरतो, कारण घावामागें भारच नसतो. धातु खोटा, पण न्याय खरा!

हाही खेळ सर्वस्वीं वास्तव आहे असें नाहीं. बुटका एका वेळीं बहुधा एकच जिन्नस उचलतो. एक पायमोजा आणावयासही सबंध एक खेप करतो, आणि पाहणाऱ्याला हंसूं येतें. परंतु तेथें खेप मोजली जाते. शिळा उचललेला बुटका रेंगाळतो, आणि तेवढा वेळ भट्टी त्याची वाट पाहत राहते. २०१२ सालच्या आवृत्तींत या खेळांत एकचाकी ढकलगाडी आली, रुळांवरची खाणगाडीही आली. आतां दगड हलवावयाचा तर गाडी हवी, गाडीला सुतार हवा, आणि सुताराला लाकूड हवें. तेव्हां कोणीतरी कुऱ्हाड घेऊन डोंगराबाहेर पडतो.