जगाला राज्यघटना आहे काय?

ता. २६ जून १९४५ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या. वरवर पाहतां ही सनद एखाद्या राज्यघटनेसारखीच दिसते. तिची प्रस्तावना सरकारांच्या नव्हे, तर लोकांच्या नांवानें सुरू होते. आणि सनदेचें बंधन व इतर कोणत्याहि कराराचें बंधन यांत विरोध आल्यास सनदच श्रेष्ठ, असें तिचें १०३ वें कलम सांगतें. परंतु राज्यघटनेचें खरें लक्षण भाषेंत नसतें. सत्ताधाऱ्यालाहि कायद्यापुढें उत्तर द्यावें लागतें, यांत तें असतें. या कसोटीस सनद कितपत उतरते?

१९८६ सालचा निकारागुआचा खटला या दृष्टीनें उद्बोधक आहे. बंडखोरांस मदत दिली व बंदरांत सुरुंग पेरले, म्हणून त्या लहानशा देशानें अमेरिकेविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दाद मागितली. न्यायालयाचे अध्यक्ष त्या वेळीं भारताचे डॉ. नागेंद्र सिंह होते. ता. २७ जून रोजीं निकाल निकारागुआच्या बाजूनें लागला. निकाल न पाळला गेल्यास सुरक्षा समितीकडे जाण्याची सोय सनदेच्या ९४ व्या कलमांत आहे. निकारागुआ तेथें गेला. पण ऑक्टोबरमध्यें अमेरिकेनें नकाराधिकार वापरून ठरावच रोखला. ज्याच्याविरुद्ध निकाल, त्याच्याच हातीं अंमलबजावणीच्या किल्ल्या!

एवढ्यावरून सर्वच व्यर्थ मानणें मात्र घाईचें होईल. दहशतवादाच्या संशयावरून सुरक्षा समितीनें केलेल्या यादींत २००१ सालीं एका सौदी व्यापाऱ्याचें नांव आलें, आणि युरोपांतील त्याची मालमत्ता गोठविण्यांत आली. त्यास पुरावा दाखविला गेला नाहीं, कीं त्याचें म्हणणें ऐकलें गेलें नाहीं. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें ता. ३ सप्टेंबर २००८ रोजीं युरोपीय संघाचा हुकूम त्याच्यापुरता रद्द ठरविला. समितीच्या ठरावास न्यायालयानें हात लावला नव्हता. तरीहि पुढील वर्षीं समितीनें १९०४ क्रमांकाच्या ठरावानें, यादींतील व्यक्तींचें गाऱ्हाणें ऐकण्यासाठीं एका स्वतंत्र अधिकाऱ्याची तरतूद केली.

हा अधिकारी म्हणजे न्यायाधीश नव्हे. पण फरक लक्षांत घेण्याजोगा आहे. यादीची अंमलबजावणी इतरांच्या हातून व्हावयाची होती, म्हणून त्या इतरांना कारणें विचारतां आलीं. निकारागुआच्या निकालामागें असे हात नव्हते. घटनात्मक शिस्त केवळ सनदेच्या कलमांनीं येत नाहीं. आज्ञा देणारास जेथें दुसऱ्याच्या सहकार्यावांचून चालत नाहीं, तेथेंच ती रुजते; आणि आज तरी अशा जागा थोड्याच आहेत.