चौकटीने केव्हा आडवे यावे?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे; आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर झाली. संगणकावर आम्ही काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु शहापूर-मुरबाडकडे आज दाखला हवा असो की सातबारा, संगणकापुढेच उभे राहावे लागते. जेथे काम आहे, तेथे आमचा प्रश्नही आहेच.

शहापुरातल्या एका केंद्रात आम्ही बसलो होतो. डोळखांबकडची एक आजी नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी आली होती. अर्ज भरत आला असता पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली : नवी आवृत्ती आली आहे, यंत्र पुन्हा सुरू करावे काय? टंकणाऱ्या पोराची नजर कागदावर, बोटे कळांवर. एंटर दाबला गेला. यंत्र बंद पडले, अर्ज गेला. ते पुन्हा सुरू होईतो आजीची एस. टी. निघायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप, पुन्हा मजुरी बुडाली. बोलणी मात्र पोराने खाल्ली. आम्ही विचारतो, चूक पोराची, की ती चौकट मध्ये घालणाऱ्याची?

चौकट कधी येऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. आमच्याकडे वीज जाते. ‘बॅटरी संपत आली, काम जपून ठेवा’ असे सांगणाऱ्या चौकटीला आम्ही दुवाच देऊ. भातसा धरणाचे दरवाजे उघडायचे झाले, तर नदीकाठी इशारा द्यावाच लागतो. परंतु रोजच भोंगा वाजू लागला, तर खऱ्या पुराच्या दिवशी कोण उठेल? २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाचे हेच झाले. परवानगीच्या चौकटी इतक्या, की लोक न वाचताच ‘होय’ दाबू लागले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्या कमी कराव्या लागल्या.

कसारा लोकलने जाणाऱ्यांस डब्यातली साखळी ठाऊक आहे. ती सर्वांच्या हाताशी असते. पण पुरेशा कारणावाचून ओढली, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. गाडी थांबवणाऱ्याला कारण द्यावे लागते. मग माणसाचे काम थांबवणाऱ्याला का नको?

म्हणून आमच्या तीन अटी आहेत. थांबल्याने खरेच नुकसान होणार असेल, तरच आडवे यावे. समोरच्या माणसाला त्यावर काही करता येत असेल, तरच यावे. आणि आलेच, तर त्याच्या भाषेत बोलावे. चुकून दाबलेल्या कळीने केलेले काम बुडू नये. बाकीचे निरोप कोपऱ्यात मुकाट बसोत. सवड मिळेल तेव्हा माणूस वाचील.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तेव्हा मागणे वेळेचे होते. आज माणसाचे लक्ष हीदेखील त्याची मेहनतच आहे, आणि ती फुकट कोणी घेऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.